धाडच्या माळावर, न हलता

"हे मेलेलं दिसतंय," संपादक म्हणाले आणि माझं चित्र त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

गोष्ट जुनी आहे. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. मी पुण्यात मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात शाळांच्या भिंतींवर लावायचे तक्ते रंगवून द्यायची. तेव्हा हातात असलेला तक्ता होता 'प्राणी शत्रूपासून कसे वाचतात' असा. पळणारे, लढणारे, काटेरी, विषारी सगळे झटपट जमले. अडलं ते शेवटच्या चौकटीत. तिथे काहीच न करणारे प्राणी हवे होते. शत्रू आला की जागच्या जागी थिजून राहणारे, आणि तेवढ्यानेच वाचणारे. मी संग्रहालयात जाऊन पेंढा भरलेलं एक पाडस समोर धरून चित्र काढलं होतं. ते मेलेलं दिसणार नाही तर काय!

"मग जिवंत असून न हलणारं कसं काढायचं?" मी विचारलं.

"ते मला काय ठाऊक? तुम्ही पाहिलंय का कधी?"

नव्हतं पाहिलं. पर्वतीच्या पायऱ्यांवरचे सरडे सोडले तर मी काहीच पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी कमलला पत्र टाकलं.

कमल म्हणजे ट्रेनिंग कॉलेजच्या वसतिगृहातली माझी खोलीसोबतीण. आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. ती बुलढाणा जिल्ह्यातली, धाडच्या अलीकडे डोंगराला लागून असलेल्या एका खेड्यातली. आता बुलढाण्यात शिक्षिका होती आणि मेच्या सुट्टीत आईकडे गावी जायची. आठ दिवसांत उत्तर आलं. एरवी ती पत्रं अगदी पुस्तकी मराठीत लिहायची, पण या वेळी खाली एक ओळ मुद्दाम घरच्या बोलीत होती: "आई म्हनते, तिले म्हना ये, पन वाटीभर धीर संग घेऊन ये."

माझ्या आईचा प्रश्न वेगळा होता. कमलच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्म स्वीकारला होता, हे तिला माहीत होतं.

"त्यांच्याच घरी राहणार?"

"हो."

"आणि जेवण?"

"जेवण वेगळं कुठे करणार, आई?"

चार दिवस पुरतील एवढ्या दशम्या तिने डब्यात भरून दिल्या. मनमाडला गाडी बदलताना मी त्या सगळ्या शेजारच्या बाकावरच्या कुटुंबाला वाटून टाकल्या. हे मी आईला कधीच सांगितलं नाही.

जाणाऱ्यांनी आधी एक लक्षात ठेवायचं, बुलढाण्याला रेल्वे नाही. तेव्हाही नव्हती. नांदुरा किंवा मलकापूरला उतरायचं आणि तिथून एसटी. मी सकाळी नांदुऱ्याला उतरले. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या, त्यांच्या सावलीत गाडीवान पाय पसरून बसले होते. आठ वाजता ऊन असं होतं की कपातला चहा गार होईना. मोताळ्यापर्यंत रस्ता सपाट, मातीचा. एसटीच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, त्यामुळे निम्मी धूळ माझ्या अंबाड्यात. पुढे राजूरचा घाट लागतो. गाडी कण्हत चढते आणि माथ्यावर आल्यावर एकदम वारा लागतो. बुलढाणा पठारावर आहे, खालच्या मानाने थंड. बसस्थानकाजवळच्या एका कचेरीची पाटी मला आठवते. नवा रंग दिलेला होता, पण खालून आधीच्या राज्याचं नाव दिसत होतं, आणि त्याच्याही खालून त्याच्या आधीच्याचं.

कमल स्थानकावर उभीच होती. तिथून धाडची एसटी, मध्ये एका फाट्यावर उतरून पुढे दीड तास बैलगाडी. गाडी भगवानभाऊंची होती. ते गावातले मोठे शेतकरी. कपाळाला बुक्का, मिशा पांढऱ्या. कमलला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं.

"चित्र काढाले आल्या म्हनता?" त्यांनी मला विचारलं. "कायचं?"

"जे प्राणी हलत नाहीत त्यांचं."

ते बराच वेळ बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिले. "मंग माह्या भावाचं काढा," म्हणाले. कमल हसत हसत गाडीतून पडायची राहिली.

कमलच्या आईचं नाव गयाबाई. बारीक चणीच्या, उन्हाने काळ्या झालेल्या, हातांना घट्टे पडलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्याच्या शेतात मजुरी करून आणि उन्हाळ्यात जंगलात तेंदूची पानं तोडून त्यांनी कमलला शिकवलं होतं. घर दोन खणांचं, शेणाने सारवलेलं, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. गेल्या गेल्या त्यांनी मला ताट वाढलं: कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी. मी पहिला घास तोंडात घालेपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या. मी दुसरी भाकर मागितली तेव्हा त्या उठून चुलीकडे वळल्या.

"तिखट लागते का वं?" पाठमोऱ्याच विचारलं.

"लागतं," मी डोळे पुसत म्हणाले. "पण वाढा."

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर त्यांनी मला गावामागच्या माळावर नेलं. पिवळं वाळलेलं गवत, मधूनमधून बोरी आणि काळे धोंडे. एक टिटवी ओरडत आमच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागली.

"पिल्लं आहेत हिचे," गयाबाई म्हणाल्या. "अथीच. तुह्या पायाजवळ."

मी खाली पाहिलं. खडे. फक्त खडे.

"अंग नको शोधू. डोळा शोध. अंग मातीसारखं असते, डोळा कोनाचाच मातीसारखा नसते."

पाच मिनिटं मी वाकून होते. मग एका खड्यात डोळा दिसला. काळा, ओला, माझ्यावर रोखलेला. आणि तो दिसल्याबरोबर आजूबाजूच्या खड्यांचं पिल्लू झालं. चोच जमिनीला टेकलेली, पाय पोटाखाली. माझी चप्पल त्याच्यापासून वीतभर होती. आणखी अर्धं पाऊल टाकलं असतं तर! पिल्लू मात्र तसंच. मी मागे मागे सरकत दहा पावलं गेले, तेव्हा कुठे टिटवी उतरली आणि ते उठून धावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तिघी माळाच्या पलीकडच्या उतारावर गेलो. गयाबाईंनी आदल्या आठवड्यात तिथे चिंकाऱ्याची मादी एकटी फिरताना पाहिली होती. एकटी मादी म्हणजे पाडस जवळपास लपवलेलं, हा त्यांचा हिशोब. एका बोरीच्या जाळीमागे आम्ही बसलो. मादी आली, गवतात तोंड घालून काही चाटलं आणि पुन्हा लांब निघून गेली. जिथे तिने तोंड घातलं होतं तिथे मी नजर लावली. डोळा शोधला. सापडला.

पाडस आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होतं. मान जमिनीवर लांब पसरलेली, कान पाठीला चिकटलेले. मी वही काढली. संग्रहालयातलं पाडस आणि हे यांत काय फरक, ते आता समोर होतं. मेलेल्याचं वजन जमिनीवर पडलेलं असतं. याने सगळं वजन आत धरून ठेवलं होतं. मागच्या पायांचे स्नायू गोळा झालेले, खुरांची टोकं मातीत रुतलेली. पडलेलं कुठे होतं ते? ते उठायच्या एक क्षण आधी थांबलेलं होतं, आणि तो एक क्षण तासभर ताणून धरला होता. मी भराभर रेघा ओढत होते.

गयाबाईंचा हात माझ्या मनगटावर पडला. पेन्सिल थांबली.

उताराच्या खालून एक लांडगा येत होता. माझी कल्पना मोठ्या, झिपऱ्या जनावराची होती. हा तर उंच पायांचा, मळकट कुत्र्यासारखा. नाक खाली घालून, घाई न करता, गवताच्या पट्ट्यापट्ट्यातून वास घेत चालला होता. सरळ पाडसाच्या दिशेने.

कमलने श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. बाहेर सोडलेला ऐकू आला नाही.

लांडगा पाडसापासून पाच-सहा हातांवर थांबला. एक माशी पाडसाच्या डोळ्याच्या कडेला बसली होती. पापणीच्या ओल्या काठावरून ती चालत गेली आणि परत फिरली. पाडसाने डोळा मिटला नाही. माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. लांडग्याने मान वर केली, आमच्या जाळीकडे पाहिलं, वाऱ्यात नाक धरलं. माझ्या पोटरीत वांब आला होता आणि पाय हलवता येत नव्हता. गयाबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतत चालली होती.

मग लांडगा वळला आणि पाडसाच्या अंगावरून जावं इतक्या जवळून निघून गेला. उतारापलीकडे दिसेनासा झाला.

"त्याले वास कसा नाही आला?" कमलने कुजबुजत आईला विचारलं.

"एवढुशा जिवाले वासच नसते. माय चाटून चाटून नाहीसा करते. म्हनून तं ती लांब राह्यते. तिचा वास येते ना."

पाडस आणखी पाऊण तास तसंच होतं. लांडगा गेलाय हे आम्हाला माहीत होतं, त्याला नव्हतं. पुढे कधीतरी वाचनात आलं की अशा वेळी पाडसाच्या काळजाचे ठोकेसुद्धा मंदावतात. (तुम्हाला माळावर एकटं पाडस दिसलं तर ते टाकून दिलेलं आहे असं समजून उचलू नका. आई बघत असते. तुम्ही जाण्याची वाट बघत असते.)

घरी येताना मला पंख फुटले होते. वहीत सात पानं भरली होती. आता फक्त रातवा पाहिजे होता. हा पक्षी दिवसभर वाळलेल्या पाचोळ्यात पाचोळाच होऊन बसतो. गयाबाई म्हणाल्या, असे पक्षी वरच्या जंगलात तेंदूच्या झुडपांखाली बसतात.

"मग उद्या मी येते तुमच्याबरोबर पानं तोडायला."

"नको. उद्या तू घरीच राह्य. जंगलात आमी आठ-दहा जनी जातो, दिवसभर वाकावं लागते. तुले नाही झेपनार."

"झेपेल. मी पानं तोडणार नाही, नुसती बघेन."

"आई, येऊ दे ना तिले," कमल म्हणाली. "एवढ्या लांबून आली."

गयाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "ये मंग," म्हणाल्या. "पन सगळ्याइच्या मधात राह्यजो."

तिसरा दिवस. हा मी आजवर फार थोड्यांना सांगितला आहे.

आम्ही पहाट फुटता फुटता निघालो. नऊ बायका आणि मी. आणि बायका म्हणजे नुसता गलका! कोणी गाणं म्हणतंय, कोणी सुनेचं गाऱ्हाणं, कोणी लांबूनच दुसरीला हाका मारतंय. जंगल सुरू झालं तरी आवाज कमी होईना. एक रातवा माझ्या पुढ्यातून उडून गेला, बसलेला दिसायच्या आधीच. थोड्या वेळाने दुसरा. मी वैतागले. कमलला म्हटलं, "अशाने मला काहीच दिसणार नाही. आपण जरा मागे राहू या का? गुपचूप?"

कमलने आईला विचारलं. गयाबाईंच्या कपाळाला आठी पडली. "गलका उगाच नसते पोरी. आवाज असला का जनावर आपून होऊन बाजूले होते."

"थोडाच वेळ," मी म्हणाले.

पाहुणीला नाही कसं म्हणायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी ते पाहिलं आणि तरीही थांबले. बाकीच्या बायका पुढे गेल्या. त्यांचा गलका चढावापलीकडे पातळ होत गेला. आम्ही तिघी मागे राहिलो.

अर्धा तास फार सुंदर गेला. मला रातवा दिसला, डोळा अगदी चिरेएवढा उघडा. मी त्याचं चित्र काढलं. कमल आमच्यापासून तीसेक पावलं पुढे, पाठमोरी वाकून पानं खुडत होती. गयाबाई विळा आणि पाण्याची कळशी शेजारी ठेवून, माझ्याजवळ बसून पानांचे जुडगे बांधत होत्या.

आधी आवाज आला. भात्यासारखा, फुसफुस. कमलच्या पलीकडे एक वारूळ होतं. त्याच्यामागून काळं, केसाळ काहीतरी वर आलं आणि पुन्हा खाली गेलं.

"अस्वल," गयाबाई म्हणाल्या. ओठ हलले, आवाज निघाला नाही.

मादी होती. एक पिल्लू पाठीवर, दुसरं मागे. वारूळ उकरण्यात ती इतकी गुंग होती की तिला आमचा पत्ता नव्हता. वारा तिच्याकडून आमच्याकडे येत होता. कमल आणि तिच्यात पंधरा पावलं असतील. आणि कमलला काहीही माहीत नव्हतं. ती गुणगुणत होती.

ओरडावं तर अस्वल दचकेल आणि सर्वांत जवळ कमल होती. गप्प राहावं तर कमल एकेक झुडूप करत त्याच्याकडेच सरकत होती. गयाबाईंचा हात पुन्हा माझ्या मनगटावर आला. कालच्यासारखाच.

कमल कंबर ताठ करायला उभी राहिली. तिने समोर पाहिलं.

मी तिची पाठच पाहत होते, पण ती पाठ कशी झाली ते मी पाहिलं. उजव्या हातात पानांची मूठ, हात छातीपाशी अर्धा उचललेला. तो तिथेच राहिला. मानेवरून घामाचा ओघळ खाली आला. तेवढंच हललं.

अस्वलाने तोंड वर केलं. अस्वलाला नजर कमी आणि नाक तीक्ष्ण, हे मला गयाबाईंनीच काल सांगितलं होतं. ते नाक इकडेतिकडे फिरवत होतं. कमल दिसत नव्हती त्याला. आणखी दोन मिनिटं अशीच गेली असती तर ते निघूनही गेलं असतं, असं मला आजही वाटतं. पण मागचं पिल्लू खेळत खेळत पुढे आलं. कमलच्या दिशेने. दहा पावलं, आठ, सहा. मादी मागच्या पायांवर उभी राहिली.

आणि मी किंचाळले.

ठरवून नाही. तोंड उघडलं आणि आवाज बाहेर आला. अस्वल चार पायांवर आपटलं आणि गुरगुरत कमलवर धावलं.

माझ्या मनगटावरचा हात सुटला. गयाबाई कधी उठल्या ते मला कळलं नाही. पाण्याची कळशी एका हातात, विळा दुसऱ्या हातात. कळशीवर विळा बडवत त्या सरळ धावत गेल्या. "हौ! हौ! इकडे ये! इकडे पाह्य, माह्याकडे!" पन्नाशीची, माझ्या खांद्याएवढी बाई. अस्वल वळलं. कमलला सोडून त्यांच्यावर गेलं. त्यांनी डावा हात तोंडापुढे धरलेला मी पाहिला. मग काळा केसाळ ढीग, खाली पांढरं लुगडं.

तेव्हा कमल हलली. पानांचं गाठोडं तिने अस्वलाच्या अंगावर फेकलं, मग दगड, मग दुसरा दगड, आणि सारखी ओरडत होती. चढावापलीकडून बायकांचा आवाज आला. सगळ्या विळे वाजवत, किंचाळत धावत येत होत्या. अस्वल बाजूला झालं, पिल्लांकडे गेलं आणि झाडीत शिरलं. सगळं मिळून मिनिटभर असेल.

आणि मी? किंचाळी मारणारी मी त्यानंतर जागची हलले नाही. गुडघ्यावर वही, हातात पेन्सिल. एका बाईने खांदा धरून मला गदागदा हलवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अजून बसलेलीच आहे.

गयाबाई शुद्धीवर होत्या. कपाळापासून केसांपर्यंत कातडी फाटलेली, डावा हात कोपराखाली चावून काढलेला. बायकांनी पदर फाडून बांधले, लुगड्याची झोळी केली, उताराने खाली आणलं. भगवानभाऊंनी कोणाला काही विचारलं नाही. गाडीत गवत पसरलं, गयाबाईंना स्वतः उचलून ठेवलं आणि त्यांचं डोकं स्वतःच्या गोधडीवर घेतलं. त्यांच्याच घरातला कोणीतरी दारातून काहीतरी पुटपुटला. "चूप बे," भगवानभाऊ म्हणाले आणि बैल हाकलले.

फाट्यावर एसटी थांबवली. ड्रायव्हरने आत एकदा पाहिलं आणि लोकांना मागच्या बाकांवरची पोती खाली उतरवायला लावली. कोणी कुरकुरलं नाही. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या धोतराने गयाबाईंना वारा घातला, बुलढाण्यापर्यंत. वाटेत गाडी कुठेच थांबली नाही.

इस्पितळात टाके घालायला बराच वेळ लागला. बाहेर बाकावर मी आणि कमल. तिच्या हातांना, पदराला आईचं रक्त. जंगल खात्याचा एक माणूस वही घेऊन आला.

"कसं झालं?"

"अस्वल वारुळामागं होतं," कमल म्हणाली. "एकदम उठलं."

"आणि तुम्ही ओरडला का काही?"

कमल गप्प राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही गप्प राहिले. त्याने काहीतरी लिहिलं आणि गेला.

दुपारी उशिरा आत बोलावलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, हाताचं बघू. गयाबाईंचं निम्मं डोकं पट्ट्यांत होतं, उरलेला एक डोळा उघडा. त्या आधी कमलला शोधत होत्या, तिच्या हाताला, गालाला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे.

"ही जेवली का?" त्यांनी कमलला विचारलं.

मी बाहेर जाऊन बाकावर बसले.

मी आणखी सहा दिवस राहिले. रात्रपाळी कमलची, दिवसाची माझी. त्यांना भरवायचं, पट्टी बदलताना हात धरायचा. त्या सहा दिवसांत मी रोज ठरवायचे की आज सांगेन. त्या बोलायच्या भगवानभाऊंच्या बैलांबद्दल, कमलच्या लग्नाबद्दल, यंदाच्या पानांबद्दल. जंगलाचा विषय निघाला नाही. माझ्या किंचाळीचाही नाही.

तुम्ही त्या भागात जाणार असाल तर जरूर जा. आता घाटातला रस्ता चांगला आहे, बुलढाण्यात राहायची सोय आहे, जंगलात शिरायला परवानगी लागते आणि ती मागावीच. मे महिन्यात पाणी दुप्पट घ्या. टिटवीची पिल्लं बघायची तर पाय जपून टाका. आणि अस्वलाच्या जंगलात स्थानिक माणसं आवाज करत चालत असतील तर त्यांच्याबरोबर आवाज करत चाला. त्यांना गप्प करू नका.

पुण्याला परत आले. तक्ता पूर्ण झाला. लांडगा गेल्यानंतरचं पाडस मी काढलं, संपादकांना ते आवडलं. मी मात्र झोपेत मनगट धरून उठायचे. शेवटी महिन्याने मी कमलला सगळं लिहिलं. गप्प राहायचा हट्ट मी धरला, आणि नको त्या वेळी ओरडले ती मीच. तू त्या माणसाला सांगितलं नाहीस, मीही नाही. आता तुझ्या आईला सांग.

तीन आठवडे उत्तर आलं नाही. मग आलं. गयाबाई घरी आल्या होत्या. डाव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती, बाकी काम करत होत्या. पुढे कमलने लिहिलं होतं:

"आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पिल्लू तेवढं जवळ आल्यावर मी बी वरडलीच असती. तिच्या तोंडातून आधी निघालं, एवढंच. आणि निर्मला, एक मलाही सांगायचं आहे. तुझी किंचाळी मला ऐकूच आली नाही. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी मी पहिला आवाज ऐकला तो आईच्या कळशीचा."

मी ते पत्र किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. ती माझ्यापासून तीस पावलांवर होती. एवढी मोठी किंचाळी खरंच ऐकू आली नसेल? भीतीत कान बंद होतात म्हणतात. माझे नव्हते झाले. तिचे झाले असतील. की मला सोपं जावं म्हणून तिने तसं लिहिलं?

त्यानंतर कमल आणि मी अनेक वर्षं भेटत राहिलो. तिच्या लग्नात, माझ्या लग्नात, गयाबाईंना शेवटचं पाहायला गेले तेव्हा. त्या दिवशी अंगणात आम्ही दोघीच होतो. विचारायला तोंड उघडलं होतं मी. ती माझ्याकडे बघत होती, काही न बोलता, पापणीही न लवता. मी तोंड मिटलं, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, ऊन उतरेपर्यंत.